चारशे सतरा नंबरची घंटा

...नाही, पण मला एक सांगा, यात माझं काय चुकलं? वाढदिवसाला गेलेला माणूस मी! इस्त्रीचा शर्ट, बायकोनं स्वतः निवडलेली पँट, हातात बेरेनबर्गची, म्हणजे आमच्याकडच्या कडू दारूची, बाटली. आणि तासाभरात हाच माणूस कपाटाखाली पालथा, तोंडात टॉर्च, कोपराला केकचं क्रीम, आणि भोवती गोल मांडलेल्या खुर्च्यांवर आमच्या अख्ख्या फ्रीसलंड प्रांतातल्या मावश्या! त्यातली एक वाकून मला विचारते, ‘काही हरवलंय का रे?’ आता काय सांगू तिला? पत्ता हरवलाय म्हणून सांगू?

तुम्हाला सांगतो, छंद असावा, पण गप्प बसणारा असावा. हे वाक्य माझं नाही हं. आमच्या हिचं आहे, चित्स्केचं. तिचा भाऊ तिकिटं जमवतो. तिकिटं कशी, वहीत चिकटवली की चिकटली, जेवायला बसलात म्हणून वाजत नाहीत, पाहुणे आले म्हणून बंद पडत नाहीत. आणि आमचा छंद? आमचा छंद म्हणजे घरात एक संगणक चोवीस तास चालू ठेवायचा आणि कोणीतरी येईल म्हणून वाट बघायची. त्याला आम्ही म्हणतो बोर्ड. इंटरनेट घरोघरी आलं नव्हतं तेव्हाची गोष्ट, या संगणकाला फोनची तार जोडलेली असायची. लोक आपल्या घरून फोन लावायचे, आत यायचे, निरोप टाकायचे, दुसऱ्यांचे वाचायचे, दोन शिव्या घालायचे आणि जायचे. आणि हे बोर्ड एकमेकांना फोन करून टपाल पोचवायचे, या गावचं त्या गावाला, त्या गावचं त्या देशाला. जगभर पसरलेलं जाळं! नाव काय? फिडो. हो, कुत्र्याचं नाव. खूणसुद्धा कुत्र्याचीच, तोंडात फ्लॉपी धरलेली. आता याच्यावर काय बोलणार? आमच्या हिला तिच्या बहिणीशी बोलायचं असायचं, ही बिचारी फोन हातात घेऊन उभी, आणि मी खुर्चीतून मागे न बघता म्हणायचो, ‘थांब, लाइन चालू आहे.’ वर्षानुवर्षं म्हणायचो हो! बहिणीला दोन मुलं झाली ती हिला पत्रानं कळली.

मग इंटरनेट आलं, सगळे तिकडे पळाले. आम्ही उरलो. इकडे चार, तिकडे दोन, फिनलंडमध्ये एक, सायबेरियात एक, ऑस्ट्रेलियाच्या पार खाली एक... पण टपाल अजून चालतं हं! फोनऐवजी इंटरनेटच्या तारेवरून जातं, एवढंच. आणि दर शुक्रवारी आमचं पुस्तक निघतं, पत्त्यांचं. कोण कुठे आहे, कुठल्या नंबरला आहे, चालू आहे की बंद. पुस्तकात आहे तो आहे. नाही तो मेला.

आणि इथेच सगळी भानगड आहे, नीट ऐका. इंटरनेटवर प्रत्येक घराला एक पत्ता लागतो, बरोबर? तर ते पत्ते संपले! अक्षरशः संपले! ज्यांनी काढले त्यांना वाटलं, एवढे पुरे. आता प्रत्येकाच्या खिशात फोन, मनगटावर घड्याळ, स्वयंपाकघरात बोलणारा फ्रिज, सगळ्यांना पत्ता हवा! मग शहाण्या लोकांनी नवे पत्ते काढले. लांबलचक. आणि इतके, की वीबेच्या कोंबड्यांच्या एकेका पिसाला एकेक वाटला तरी वरच्यांना पत्ता लागणार नाही. मी आपला सांगत सुटलो, बाबांनो, नवे पत्ते घ्या! दरवर्षीच्या सभेत उभा राहायचो. लोक कॉफी ढवळत म्हणायचे, ‘आमचं चाललंय की.’ प्रोग्राम सगळे टेलिफोनच्या काळातले, त्यांना नवे पत्ते वाचता येईनात, ते आम्हीच बसून शिकवले. पुस्तकात एकेक ओळ कशी लिहायची त्याचे नियम पणजोबांच्या काळचे, दोन टिंबं एकाखाली एक आली की प्रोग्रामला वाटायचं रकाना संपला, आणि नव्या पत्त्यात तर नुसती ती टिंबंच टिंबं! त्या टिंबांवरून आमची माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली हो, तीन हिवाळे! एकानं तर सभेत उठून सांगितलं की माझ्या हयातीत या पुस्तकात हे टिंब येणार नाही. आलं. तो अजून आहे.

छंद असावा, पण गप्प बसणारा असावा...

हां, तर वीबे. वीबे सांगायचा राहिलाच. वीबे म्हणजे टेरझाइल गावचा पूलवाला. कालव्यावरचा पूल, बोट आली की घंटा वाजवायची, रस्त्यावरचा दांडा खाली, पूल वर, बोटवाल्याला विचारायचं, कुठून आलात, कुठे चाललात, डोलकाठी किती उंच, आणि हात हलवून सोडायचं. जन्मभर हेच केलं या माणसानं. दोन बोटींच्या मध्ये वेळच वेळ, म्हणून पुलाच्या खोलीत बोर्ड मांडला, आमच्या सगळ्यांच्या आधी! त्याला नंबर मिळाला चारशे सतरा. तेव्हापासून तोच. मग सरकारनं पुलावर कॅमेरे बसवले, शहरात बसून कोणीतरी बटण दाबतं आणि इथे पूल उघडतो. वीबेला घरी पाठवलं. त्यानं काय करावं? पुलाची घंटा मागून आणली, घरात भिंतीवर टांगली आणि बोर्डाला जोडली. बोर्डात कोणी आलं की घंटा वाजणार! पितळेची, ही एवढी! आणि घराच्या दारावर रंगवून लिहिलं, ४१७. घराचा खरा नंबर सहा आहे. नवा पोस्टमन आला की रडकुंडीला येतो.

आणि स्वभाव? काही विचारू नका. बाकीच्यांचे बोर्ड स्वतः दुसऱ्यांकडे जातात, आहे का माझं टपाल, द्या, म्हणून घेऊन येतात. वीबेचा बोर्ड कुणाकडे जात नाही. का? तर म्हणे, ‘हार्मन, पूल कधी बोटीकडे गेलेला पाहिलास? बोट पुलाकडे येते.’ झालं!

तर मला एक दिवस फोन आला फोल्कर्टचा. फोल्कर्ट म्हणजे पुस्तकवाला, देशातले सगळे नंबर याच्या ताब्यात. नियमाचा इतका पक्का माणूस की स्वतःच्या लग्नात फोटोसाठी उभं राहताना उंचीप्रमाणे लावले पाहुणे. नाकातून बोलतो. ‘हार्मन, चारशे सतरा उचलत नाहीये.’ म्हटलं झोपला असेल. ‘संगणक झोपत नाही, हार्मन. वसंतापासून उचलत नाहीये. मी खूण केली आहे, बंद म्हणून. पुढच्या शुक्रवारच्या पुस्तकात नंबर काढावा लागेल.’ म्हटलं, अहो फोल्कर्ट, तो वीबे आहे! गुरुवारी ऐंशी वर्षांचा होतोय, आणि शुक्रवारी तुम्ही त्याला पुस्तकातून काढणार? तर म्हणतो कसा, ‘पुस्तकात नंबर आहे म्हणजे तिथे कोणीतरी उचललं पाहिजे. नाहीतर ते पुस्तक नाही राहणार, कबरस्तानातली पाटी होईल.’ आणि तुम्हाला सांगतो, माणूस नाकातून बोलला तरी खोटं बोलत नव्हता.

गेलो तडक टेरझाइलला. वीबे अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता. बघतो तर घरात बोर्ड चालू, हिरवा दिवा चालू, सगळं झकास! म्हटलं वीबे, घंटा का वाजत नाही? तर तो खाली बघून म्हणाला, ‘घंटेला काही झालेलं नाही. रोज पुसतो मी तिला.’ म्हटलं, मग? ‘मग काय. लोकांचं वय झालं. कुणाला आठवण राहिली नसेल. तो फिनलंडचा योर्मा, टपालानं बुद्धिबळ चालू होतं आमचं, हरायला आला होता, तो पळाला.’ आणि पुन्हा दाणे टाकायला लागला. वसंतापासून हा माणूस रोज ती घंटा पुसतोय आणि मनाशी धरून बसलाय की लोक आपल्याला विसरले! कुणाला विचारलं नाही, कुणाला लिहिलं नाही. पूल बोटीकडे जात नाही ना!

आणि झालं काय होतं? वसंतात गावात नवी तार आली होती, काचेची, वेगवान. सगळं गाव खूश. पण पत्ते संपलेत म्हटलं ना मी? तर इंटरनेट कंपनीनं अख्ख्या गावाला मिळून एकच पत्ता दिला! सगळ्या घरांना मिळून दारावर एकच घंटा! तुम्ही बाहेर जा, हिंडा, सिनेमे बघा, काही अडचण नाही. पण बाहेरून तुमच्याकडे कोणी आलं तर त्याला कळणार कसं कुठल्या घरात शिरायचं? परत जातो बिचारा. सगळ्या गावात हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, कारण सगळ्या गावात बाहेरून येणाऱ्याची वाट बघणारा माणूस एकच!

कंपनीला फोन लावला मी. तिकडून एक गोड आवाजाची बाई. ‘इंटरनेट चालतंय का आपलं?’ हो चालतंय. ‘मग तक्रार काय?’ म्हटलं, बाहेरचे लोक आत येऊ शकत नाहीत. ‘कोण लोक?’ कोणीही. ‘आपल्याला... कोणीही आत यायला हवंय?’ हो! ‘आपल्या घरात?’ संगणकात! बाई मग एकदम हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं, ‘आजोबा, कुणी आपल्याकडे पासवर्ड मागितलाय का? आपण एकटे आहात का घरी?’ आजोबा! बासष्ट वर्षांचा आहे हो मी! अर्धा तास घालवून तिच्याकडून एवढंच काढलं की जुना पत्ता मिळणार नाही, पण नव्या प्रकारचा, लांब, तो प्रत्येक घराला आहे, पहिल्या दिवसापासून आहे, कोणी विचारलाच नाही म्हणून सांगितला नाही!

म्हणजे बघा! ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, तो वीबेच्या घरात येऊन पडलाय, आणि वीबेला माहीत नाही! मी उडालोच. सांगितलं त्याला. कागदावर लिहून दाखवला पत्ता. त्यानं चष्मा लावला, एकदा डावीकडून वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, ‘हा पत्ता आहे? मला वाटलं मांजर की-बोर्डवरून चाललं.’ म्हटलं, वीबे, आता हाच पत्ता. ‘माझा पत्ता चारशे सतरा.’ वीबे, हा खालचा पत्ता आहे, तारेचा, तुमचा नंबर वर राहणारच आहे. ‘माझा पत्ता चारशे सतरा आहे. पुलाच्या खोलीतून मला काढलं तेव्हा मी काही बोललो नाही. यातून पण काढा. पण हे मी दारावर लिहिणार नाही.’ आणि उठून कोंबड्यांकडे.

छंद असावा हो... पण गप्प बसणारा असावा!

मी बसलो तिथेच, थंड कॉफी पीत. पत्त्याकडे बघत. आणि मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. अहो, नवा पत्ता एवढा लांब का? तर पुढचा अर्धा भाग कंपनी देते, आणि मागचा अर्धा आपला! घरातल्या कुठल्या यंत्राला काय म्हणायचं ते आपण ठरवायचं! जुन्या पत्त्यात तेवढी जागाच नव्हती, कंपनी देईल ते मुकाट घ्यायचं. इथे मागे सगळं मैदान मोकळं! काय हवं ते लिहा! गेलो अंगणात, कागद धरला त्याच्यासमोर. म्हटलं वीबे, हे पुढचं मांजराचं. आणि मागचं तुमचं. आणि मागे, अगदी शेवटी, लिहिलं, ४१७.

वीबे बघत राहिला. हातातले दाणे तसेच. एक कोंबडी त्याच्या बुटावर चोच मारत होती तरी हलला नाही. मग म्हणाला, ‘म्हणजे कंपनीच्या पत्त्यात... माझा नंबर?’ म्हटलं हो. ‘आतच?’ आतच, पत्त्याचाच भाग! ‘कंपनीला विचारावं लागेल?’ कोणाला विचारायचं नाही! तुमचं दार आहे! तुम्हाला सांगतो, ऐंशीला टेकलेला माणूस, पण चेहऱ्यावर असा आनंद की मला दुसरीकडे बघावं लागलं. कोरडा आवाज करून म्हणाला, ‘बरं. कर. पण कोंबड्यांचं झाल्यावर.’

केलं! सगळं केलं! बोर्डाला नवा पत्ता दिला, प्रोग्राम नवा घातला, मी माझ्या लॅपटॉपवरून त्याच्या बैठकीत बसून चारशे सतरा लावला आणि... टण्‌! घंटा वाजली! वीबे खुर्चीतून ताडकन उठला, सवयीनं खिडकीशी गेला बोट बघायला. पुन्हा लावला, टण्‌! पुन्हा! आम्ही दोघं बेरेनबर्ग प्यायलो. फोल्कर्टला कळवलं. त्याचं आपलं, ‘बाहेरून कोणी आत आल्याची नोंद झाली की खूण काढीन. आधी नाही.’ म्हटलं, होईल हो नोंद! आणि नव्या पत्त्यासकट सगळ्या जगाला निरोप टाकला. फिनलंडला, सायबेरियाला, पार खाली ऑस्ट्रेलियाला. गुरुवारी दुपारी वीबेचा वाढदिवस आहे, कॉफीच्या वेळेला सगळ्यांनी एकदम चारशे सतरावर या. घंटा वाजू दे! टेरझाइल हादरू दे!

गुरुवार आला. मी, चित्स्के, बेरेनबर्ग. बैठकीत खुर्च्या गोल, भिंतीला लावून. आमच्याकडची रीतच ती, शिरल्याबरोबर एकेका नातेवाइकाशी हात मिळवायचा, भावाच्या वाढदिवसाचं अभिनंदन, दिराच्या वाढदिवसाचं अभिनंदन, शेजाऱ्याच्या वाढदिवसाचं अभिनंदन, एक बाई कोण होती मला ठाऊक नाही, तिचंही केलं. कॉफी फिरली. केक फिरला, प्रत्येकी एक तुकडा, दुसरा द्यायची आमच्याकडे पद्धतच नाही. वीबे घंटेखाली बसलेला, टाय लावून. त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ‘आता वाजेल. जगभरातून लोक येणारेत.’ मावश्या घंटेकडे बघतायत. मी घंटेकडे बघतोय. घंटा गप्प.

दुसरी कॉफी फिरली. गप्प. चीज आणि मोहरीची चटणी फिरली. गप्प! एक मावशी म्हणाली, ‘आजकाल लोकांना वेळ नसतो.’ वीबे म्हणाला, ‘हो, असंच असतं.’ आणि टायची गाठ थोडी सैल केली. बस्स, एवढंच केलं त्यानं. पण मला तिथे बसवेना. हे मी केलं होतं! लोक विसरले असं तो एकटा घरात धरून बसला होता ते परवडलं, आता मी त्याला सगळ्या नातेवाइकांसमोर टाय लावून बसवून ते सिद्ध करून दाखवत होतो! आणि उद्या शुक्रवार!

चित्स्के माझ्या कानाशी वाकली. ‘तू तपासलं होतंस ना?’ म्हटलं तपासलं, चांगलं तीनदा वाजली! ‘कुठून वाजवलीस?’ इथूनच, या खुर्चीतून. ‘म्हणजे घरातून?’ हो. ती माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ते बघणं मी ओळखतो. ‘हार्मन,’ म्हणाली, ‘घरात उभं राहून आतून दार वाजवलंस, तर बाहेरच्याला आत येता येतं हे कसं कळलं तुला?’

अरे देवा! अहो, सगळ्या जगाला मी शिकवतो! सभेत उभा राहून सांगतो, बाहेरून तपासा, बाहेरून तपासा! आणि मीच! कंपनी घरात इंटरनेटची जी पेटी देते तिच्या दाराशी एक दरवान बसवलेला असतो, बाहेरून येणारा कोणीही असो, ओळख ना पाळख, परत! त्याला नाव घेऊन सांगावं लागतं की बाबा, चारशे सतराकडे आलेल्यांना सोड. ते मी सांगितलंच नव्हतं! म्हणजे लोक येत होते! तासभर येत होते, आणि दारातून परत जात होते!

पेटी कुठे? कपाटाखाली. का? दिसायला वाईट दिसते म्हणून वीबेच्या वहिनीनं तिथे ढकलली. पासवर्ड कुठे? पेटीच्या पोटावर चिकटवलेला. झालो पालथा! तीच ती मावशी, ‘काही हरवलंय का रे?’ टॉर्च तोंडात, उत्तर कसं देणार? ‘ऊं ऊं’ केलं. ती दुसरीला म्हणाली, ‘चांगला मुलगा होता.’ तेवढ्यात कोणाची तरी बशी कलंडली, क्रीम माझ्या कोपरावर. पासवर्ड वाचला, लॅपटॉप मांडीवर, दरवानाला सांगितलं, चारशे सतरा, सोड, ठीक. पण आता तपासायचं कसं? आतून तपासून माती खाल्लीय, बाहेर कोण आहे आपलं? म्हटलं, चित्स्के, तुझा फोन! बाहेर कालव्याच्या बंधाऱ्यावर जा, घरचं इंटरनेट बंद कर, मोबाइलचं चालू ठेव. त्यात एक प्रोग्राम आहे निळ्या रंगाचा...

‘माझ्या फोनमध्ये?’

मी टाकून ठेवलाय.

‘मला न विचारता.’

आता तुम्हाला सांगतो, असा एक क्षण असतो संसारात की बाई एकतर बाटली घेऊन घरी जाते नाहीतर बंधाऱ्यावर जाते. चित्स्केनं वीबेकडे बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून घंटा पुसत होता, रुमालानं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘याचं नंतर बघू,’ आणि कोट घालून बाहेर गेली.

खिडकीतून दिसत होती. बंधाऱ्यावर उभी, वाऱ्यानं केस उडतायत, एका हातानं फोन धरलाय, एका बोटानं टाइप करतेय...

टण्‌!

वीबेचा रुमाल हातात राहिला. पडद्यावर त्याच्या बोर्डाचे ते जुने प्रश्न, जसे पुलावर विचारायचा तसे. नाव? चित्स्के. कुठून आलात? बंधाऱ्यावरून. कुठे चाललात? आत, गारठा आहे. डोलकाठीची उंची? एक मीटर बासष्ट! वीबेनं वाचलं, खिडकीशी गेला आणि हात वर करून हलवला, असा, पुलावरून बोटवाल्याला हलवायचा तसा. आणि तिनंही हलवला! सगळं आयुष्य या छंदाला शिव्या घालणारी बाई!

आणि मग हो! आमची यंत्रं चिवट, एकदा परत पाठवली म्हणजे गेली असं नाही, पुन्हा पुन्हा येतात. जगभरातली तासभर दाराशी खोळंबलेली! टण्‌, फिनलंड! टण्‌, सायबेरिया! टण्‌ टण्‌, हा कोण, अरे हा पार खालचा! घंटा थांबेना! शेजारी धावत आला, म्हणे पूल उघडतोय का? रस्त्यावर एक ट्रॅक्टर खरंच थांबला दांड्यापाशी! टपाल धबधबा आत. वसंतापासून साठलेलं सगळं. मी मोठ्यानं वाचायला लागलो. ‘वीबे, कुठे आहात? तीनदा आलो, दार बंद.’ ‘वीबे, तब्येत बरी आहे ना? कोणीतरी कळवा.’ ‘वीबे, तुमच्या कोंबड्यांचं काय झालं?’ सायबेरियाच्या तामारानं तर दर आठवड्याला एक, शेवटी शेवटी रागावून. आणि योर्मा! पळाला नव्हता हो तो! दर निरोपात पहिल्या ओळीत ‘जिवंत आहात का’ आणि दुसऱ्या ओळीत बुद्धिबळाची तीच खेळी!

वीबे उभा. टाय सुटलेला. डोळे पुसले, लपवले नाहीत. म्हणाला, ‘म्हणजे लोक येत होते.’ म्हटलं हो, वीबे. रोज येत होते. दार आमचं बंद होतं. त्यानं मान हलवली, खुर्चीत बसला, पुन्हा एकदा योर्माची खेळी वाचली. ‘अरे,’ म्हणाला, ‘मी हरतोय.’

त्या दिवशी केकचा दुसरा तुकडा मिळाला सगळ्यांना! फ्रीसलंडमध्ये! विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका.

शुक्रवारी पुस्तक आलं. चारशे सतरा, चालू, पुढे नव्या पत्त्याची खूण. फोल्कर्टनं स्वतः फोन केला, नाकातून म्हणाला, ‘अभिनंदन.’ मला वाटलं, जिंकलो! आता सुखानं मरू!

कसलं सुख! वीबेनं दारावर, ४१७ च्या आधी, तो सगळा मांजराचा पत्ता रंगवून घेतला, दार संपून पार खिडकीखालून गेलाय, पोस्टमननं गाव बदलून घेतलं म्हणतात. आणि नव्या पत्त्याचा असा भक्त झालाय की विचारू नका. जगभर लोकांना लिहितो, ‘अजून जुन्यावर? वय झालं का?’ फोल्कर्टनं त्यालाच नेमलंय तपासनीस, कोण नव्या पत्त्यावर उचलतो ते बघायला. आणि त्यानं पहिल्या आठवड्यातच शोधून काढलं की देशात एकच बोर्ड असा आहे जो अजून निव्वळ जुन्या पत्त्यावर चालतो. कुणाचा? माझा! अहो, आमच्या गल्लीत नवी तार आलेलीच नाही! जुन्या तारेवर कंपनी नवा पत्ता देत नाही! इतकी वर्षं मी जगाला उपदेश केला तो जुन्या पत्त्यावर बसून! रोज सकाळी निरोप येतो, ‘हार्मन, घरात कोणी आहे का? — वीबे, ४१७.’

आणि वर आभार म्हणून त्यानं मला काय द्यावं? पुलाच्या दुसऱ्या टोकाची घंटा! पितळेची, तेवढीच! आमच्या जेवणाच्या टेबलाच्या वर टांगलीय. मी नको म्हणत होतो. चित्स्केनं टांगली, स्वतः खिळा ठोकून, आणि तिच्या नावाचा निरोप आला की वाजेल अशी माझ्याकडून जोडून घेतली.

कारण तिचं आता वेगळंच चाललंय. वीबेच्या बोर्डात तिचं नाव आहे, तामाराबरोबर कसल्या कसल्या सूपच्या पाककृती चालतात, योर्माची बायको पण शिरलीय. काल जेवायला बसलो, घंटा वाजली, हिनं चमचा ठेवला, फोन घेतला आणि टकटक टकटक. म्हटलं, अगं चित्स्के, सूप गार होतंय. छंद असावा, पण गप्प बसणारा असावा, तूच म्हणायचीस ना?

वरसुद्धा बघितलं नाही हो तिनं. म्हणाली, ‘थांब, लाइन चालू आहे.’